फिलाडेल्फियाने विल्टला विकलं तेव्हा

२०२५च्या फेब्रुवारीतला पहिला शनिवार. मध्यरात्र उलटून गेली होती, मी लॅपटॉप बंद करून झोपायच्या बेतात होतो आणि डॅलसहून माझ्या कॉलेजच्या रूममेटचा फोन आला. परदेशात राहणाऱ्या माणसाचा फोन अशा वेळी वाजला की पोटात गोळा येतो. तसा आलाच. पण बातमी घरची नव्हती. डॅलस मॅव्हेरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं होतं. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा ७७ नंबरची जर्सी घालून झोपला होता आणि सकाळी त्याला हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. पुढच्या काही दिवसांत डॅलसच्या लोकांनी स्टेडियमसमोर चक्क शवपेटी आणून ठेवली. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. हार्दिकला परत आणून मुंबईचं कर्णधारपद दिलं तेव्हा वानखेडेवर त्याची जी हुर्यो झाली ती पाहिली होती, पण शवपेटी म्हणजे जरा जास्तच वाटलं.

सोमवारी सकाळी कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवताना शेजारच्या आजोबांना हे हसत हसत सांगितलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर, जन्म आणि बालपण वेस्ट फिलाडेल्फियात. ते हसले नाहीत. या शहराने १९६८ साली याहून मोठं पाप केलंय, असं म्हणाले आणि मला घरात बोलावून कॉफी दिली. ऑफिसची पहिली मीटिंग चुकली. तेव्हापासून जवळपास वर्षभर मी विल्ट चेंबरलेन या माणसाच्या मागे लागलोय. पुस्तकं वाचली, आकडे काढले, आजोबांकडून तेच तेच किस्से पुन्हा ऐकले. त्यातून जो विल्ट मला सापडला तो इथे लिहितो. फिलाडेल्फियाजवळ राहून मला दहा वर्षं होत आली. ऑफिसला जाताना रोज लोकल ट्रेनमध्ये ओव्हरब्रुक नावाचं स्टेशन लागतं, आणि या माणसाची शाळा त्याच भागात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६चा, याच शहरातला. नऊ भावंडं. वडील दुरुस्तीची, झाडलोटीची, पडेल ती कामं करायचे आणि आई गोऱ्यांच्या घरी घरकामाला जायची. लहानपणी न्यूमोनियाने त्याला इतकं घेरलं की शाळेचं एक वर्ष बुडालं. तोच मुलगा पुढे सात फूट एक इंच झाला. दारातून जाताना त्याला वाकावं लागायचं, म्हणून दोस्तांनी त्याचं नाव डिपर पाडलं आणि त्याचं पुढे बिग डिपर झालं. बिग डिपर म्हणजे आपले सप्तर्षी. हे नाव त्याला आवडायचं. वर्तमानपत्रांनी त्याला दुसरं नाव दिलं होतं, स्टिल्ट, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर चालणारा. त्या नावाची त्याला आयुष्यभर चीड होती. मैदानी खेळ हे त्याचं पहिलं प्रेम. उंच उडी, गोळाफेक, धावणं. बास्केटबॉल हा नाजूक लोकांचा खेळ आहे असं त्याचं सुरुवातीला मत होतं. पण वेस्ट फिलाडेल्फियात राहून सात फुटी पोराला बास्केटबॉल कोण टाळू देणार?

ओव्हरब्रुक हायस्कूलकडून तो खेळायला लागला तेव्हा समोरच्या संघांकडे काही उपायच नसायचा. उन्हाळ्याच्या सुटीत तो न्यूयॉर्कजवळच्या डोंगरातल्या कुट्शर्स नावाच्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा. त्या हॉटेलच्या बास्केटबॉल संघाचा कोच होता बॉस्टन सेल्टिक्सचा रेड ऑरबॅक. म्हणजे ज्या संघाने पुढे याला वर्षानुवर्षं रडवलं, त्याच्या कोचने याला शाळकरी वयात बॅगा उचलताना पाहिलं होतं. फिलाडेल्फिया वॉरियर्सचे मालक एडी गॉटलीब यांनी तर तो शाळेत असतानाच त्याच्यावर हक्क सांगून ठेवला. तेव्हा स्थानिक मुलावर स्थानिक संघाचा पहिला हक्क असा नियम होता, आणि गॉटलीब यांनी तो कॉलेजच्या गावाऐवजी शाळेच्या गावाला लावून घेतला.

दोनशेच्या वर कॉलेजं त्याच्या मागे होती. त्याने १९५५ साली कॅन्सस विद्यापीठ निवडलं. तिथे जाऊन पाहतो तर हॉटेलांत काळ्यांना बसायला बंदी. विल्टने मोर्चा काढला नाही की भाषण केलं नाही. तो जाऊन बसायचा आणि खायला मिळेपर्यंत उठायचाच नाही. विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला हाकलायचं कुणाच्या जिवावर येणार? लॉरेन्स गावातली बरीच दारं अशी उघडली. मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याने ५२ गुण आणि ३१ रिबाउंड घेतले. १९५७च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मात्र नॉर्थ कॅरोलायनाने कॅन्ससला ५४-५३ असं एका गुणाने हरवलं, तेही तीन वेळा जादा वेळ खेळल्यावर. हा पराभव त्याला शेवटपर्यंत टोचत राहिला. मोठ्या सामन्यात हा हरतो, हा शिक्का विशीतच बसला. पुढे एक वर्ष थांबून त्याने कॉलेज सोडलं. लगेच एनबीएत जाता येत नव्हतं म्हणून एक हंगाम हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर जगभर फिरला, अगदी मॉस्कोलासुद्धा जाऊन आला. ते वर्ष आपलं सर्वांत मजेचं होतं असं तो पुढे सांगायचा. जिंकण्याचा ताप नाही, लोक नुसते हसायला येतात.

१९५९ साली तो वॉरियर्सकडे आला, म्हणजे घरी आला. पहिल्याच वर्षी सरासरी ३७.६ गुण, २७ रिबाउंड, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही तोच. आणि वर्ष संपल्यावर त्याने निवृत्ती जाहीर केली! दोन-दोन, तीन-तीन माणसं अंगावर येतात, कोपरं मारतात आणि पंच बघत बसतात, ही त्याची तक्रार होती. मग गॉटलीब यांनी समजूत काढली, पगार वाढला आणि तो परत आला.

त्याचे आकडे मी एका रविवारी स्प्रेडशीटमध्ये टाकले. १९६१-६२च्या हंगामात सरासरी ५०.४ गुण. आणि सामन्यागणिक सरासरी ४८.५ मिनिटं. सामना असतो ४८ मिनिटांचा. मला वाटलं डेटात चूक आहे. माझ्या धंद्यात असा आकडा दिसला की आधी कोडमध्ये बग शोधतात. बग नव्हता. काही सामने जादा वेळेत गेले आणि हा बाहेर बसतच नव्हता. अख्ख्या हंगामात जी काही थोडी मिनिटं तो मैदानाबाहेर होता ती एकाच सामन्यातली, पंचांनी काढलं म्हणून.

त्याच हंगामातली २ मार्च १९६२ची रात्र. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, चॉकलेटवालं. इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने भारतातून आलेल्या आई-बाबांना तिथे नेलेलंच असतं. आम्हीही २०२३ साली नेलं होतं. बाबांनी चॉकलेटच्या गाडीत बसून दोन चकरा मारल्या, आईने नातेवाइकांसाठी बॅग भरून चॉकलेटं घेतली, आणि शेजारी जे जुनं एरिना उभं आहे त्याकडे आमच्यापैकी कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्या इमारतीत ४,१२४ लोकांसमोर विल्टने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. टीव्हीवाला कुणी आलाच नव्हता, त्यामुळे चित्रफीत नाही. शेवटी शेवटी निक्सवाले मुद्दाम दुसऱ्यांना फाऊल करत होते, म्हणजे चेंडू याच्या हाती जाऊ नये. वॉरियर्सवाले उलट निक्सना फाऊल करून चेंडू लवकर परत मिळवत होते. खेळाचा पार तमाशा झाला होता. वॉरियर्स १६९-१४७ जिंकले. सामन्यानंतर संघाच्या प्रसिद्धीप्रमुखाने, हार्वी पोलॅकने, एका कागदावर १०० लिहून विल्टच्या हातात दिलं आणि तसा त्याचा फोटो काढला गेला. तोच तो जगप्रसिद्ध फोटो. मला यातलं सर्वांत नवलाचं वाटतं ते वेगळंच. आयुष्यभर ज्याला फ्री थ्रो जमले नाहीत, त्याने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले. त्या वर्षी तो चेंडू दोन्ही हातांनी खालून उचलून टाकायचा. तसं टाकणं त्याला साधतही होतं. पण ते बायकी दिसतं म्हणून त्याला लाज वाटायची आणि त्याने ते सोडून दिलं. सात फूट एक इंच उंचीचा, अडीचशे पौंडांचा माणूस, आणि लोक काय म्हणतील याची भीती! त्या रात्री निक्सचा जो सेंटर त्याच्यासमोर उभा होता आणि फाऊल भरून वीस मिनिटांत बाहेर गेला, त्याचं नाव डॅरल इमहॉफ. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गॉटलीब यांनी त्याच वर्षी संघ साडेआठ लाख डॉलरला विकला आणि वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. विल्टला कुणी विचारलं नाही. तेव्हा खेळाडू करारातून सुटायचा नाही, संघाने हक्क राखला की संपलं. आज ज्याला फ्री एजन्सी म्हणतात ती नव्हती. १९६४ साली वॉरियर्स अंतिम फेरीत गेले आणि बॉस्टनकडून हरले. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला विल्टला स्वादुपिंडाचं दुखणं झालं, संघ सामन्यामागून सामने हरू लागला, प्रेक्षक येईनात, आणि नवे मालक फ्रँकलिन मिउली यांना त्याचा पगार जड व्हायला लागला. नेट थर्मंड नावाचा तरुण सेंटर हाताशी होताच. जानेवारी १९६५मध्ये सेंट लुईसला ऑल स्टार सामन्याच्या वेळी सौदा ठरला. त्या काळातला सर्वांत मोठा गुण करणारा माणूस फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सला दिला आणि बदल्यात घेतले तीन खेळाडू अधिक दीड लाख डॉलर. त्या तिघांपैकी ली शेफर वॉरियर्सकडून एकही सामना खेळला नाही. वॉरियर्स त्या हंगामात फक्त १७ सामने जिंकले आणि ६३ हरले.

सेव्हन्टीसिक्सर्स म्हणजे मूळचा सिराक्यूजचा संघ, १९६३ साली फिलाडेल्फियात आलेला. म्हणजे विल्ट पुन्हा घरी आला. घरी म्हणजे कामाला. राहायचा न्यूयॉर्कमध्ये, हार्लेममधल्या स्मॉल्स पॅरडाइज या नाइट क्लबात त्याची भागी होती. रात्रीची जागरणं तिथे आणि सरावाला गाडी हाकत फिलाडेल्फियात. आजोबांच्या वडिलांचं यावर फार कडक मत होतं, म्हणे. पण रविवारी रेडिओ मात्र चुकवत नसत.

संघाचे दोन मालक होते, आयर्व्हिंग कॉस्लॉफ आणि आइक रिचमन. रिचमन वकील होते, विल्टचे जवळचे. विल्टचं म्हणणं असं की रिचमन यांनी त्याला शब्द दिला होता, पुढे संघात तुझी मालकीची भागी असेल म्हणून. कागदावर काही नव्हतं. डिसेंबर १९६५मध्ये बॉस्टन गार्डनमध्ये सामना पाहताना, अगदी मैदानाच्या कडेला, रिचमन कोसळले आणि गेले. त्यानंतर विल्टने कॉस्लॉफना त्या शब्दाची आठवण करून दिली. असं काही आपल्याला माहीत नाही, असं कॉस्लॉफ यांचं म्हणणं. कोण खरं बोलत होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. ज्याला माहीत होतं तो मैदानाच्या कडेला मरून गेला.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. माझ्या पहिल्या नोकरीत मॅनेजरने मला शब्द दिला होता, तिसऱ्या वर्षी तुझं ग्रीन कार्डचं काम सुरू करू. माणूस चांगला होता, आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला यायचा. चकल्या त्याला फार आवडायच्या. एक दिवस त्याने नोकरी सोडली. नव्या मॅनेजरने शांतपणे सांगितलं की फाइलमध्ये अशी काही नोंद नाही, पुढच्या वर्षी पाहू. एच-वन बी सहा वर्षांचा असतो आणि ग्रीन कार्डची पहिली पायरी सहावं वर्ष लागण्याआधी चढली नाही तर बॅगा भराव्या लागतात. बायको तेव्हा गरोदर होती. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी कॅलेंडर घेऊन महिने मोजत बसलो होतो. मी विल्ट नाही हे मला कळतं. पण ज्या शब्दाला साक्षीदार नाही तो मागायला जाताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. नवा मॅनेजर खोटं बोलत नव्हता, हे त्यातलं सर्वांत वाईट.

तर विल्ट. या सगळ्या कटकटीच्या मध्येच त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर हंगाम झाला. १९६६-६७मध्ये अलेक्स हॅनम कोच झाले. हॅनमनी त्याला सांगितलं की गुण कमी कर, चेंडू दे. पंधरा वर्षं ज्याला फक्त बास्केट करायला सांगितलं त्याला हे पटवणं सोपं नसणार. पण त्याने ऐकलं. गुण २४ वर आले, पास वाढले, हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम सगळे फुलले. संघ ६८ सामने जिंकला, १३ हरला. बॉस्टन सलग आठ वर्षं विजेता होता. त्यांना ४-१ असं धुतलं आणि फिलाडेल्फियातल्या शेवटच्या सामन्यात लोक बॉस्टन मेलं, बॉस्टन मेलं म्हणून ओरडत होते. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे. त्या रात्री ते कुणाच्या तरी खांद्यावर बसून घरी आले, पण कुणाच्या ते त्यांना आठवत नाही. अंतिम फेरीत समोर कोण? सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स. ज्यांनी याला दीड लाख आणि तीन माणसांत दिलं तेच. ४-२ने मालिका जिंकली, आणि शेवटचा सामना जिंकला तो सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन.

पुढचं वर्ष. कुणीतरी लिहिलं होतं की विल्टला पास देता येत नाहीत, तर त्याने एनबीएत सर्वांत जास्त असिस्ट करून दाखवले, ७०२. सेंटरने हे कधी केलं नव्हतं. लोकांनी एक टीका केली की तो ती खोडून काढायला अख्खं वर्ष घालवायचा. मला यात त्याची ताकद दिसते आणि तिथेच दुबळेपणाही. शिवाय फ्री थ्रो त्या वर्षी शंभरातले अडतीस. तरी सर्वोत्तम खेळाडू पुन्हा तोच.

एप्रिल १९६८मध्ये बॉस्टनशी पुन्हा गाठ पडली. पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांचा खून झाला. सामना घ्यावा की नाही यावर दोन्हीकडे वाद झाला आणि शेवटी झाला. मन कुणाचंच लागलं नव्हतं. विल्ट अटलांटाला अंत्ययात्रेला जाऊन आला. मग फिलाडेल्फिया ३-१ने पुढे गेलं, आणि तिथून ओळीने तीन सामने हरलं. कनिंगहॅम मनगट मोडून बाहेर होता, निम्मे लोक दुखण्यांनी जायबंदी होते. पण लोकांच्या लक्षात राहिला तो सातवा सामना. घरच्या मैदानावर १००-९६ असा पराभव, आणि दुसऱ्या अर्ध्यात विल्टने बास्केटकडे जवळजवळ चेंडू टाकलाच नाही. त्याचं म्हणणं असं की चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही आणि कोचने काही सांगितलं नाही. हॅनम यांनी दोष स्वतःवर घेतला. शहराने दोघांचंही ऐकलं नाही.

उन्हाळ्यात हॅनम नोकरी सोडून ऑकलंडच्या नव्या लीगमधल्या संघाकडे गेले. विल्टनेही त्या नव्या लीगकडे जाण्याची भाषा सुरू केली. आई-वडील लॉस एंजेलिसला राहायला गेले होते आणि वडील आजारी होते. त्यात तो मेलेल्या मालकाचा शब्द मध्ये होताच. ९ जुलै १९६८ला बातमी आली. विल्ट चेंबरलेन लॉस एंजेलिस लेकर्सला, बदल्यात आर्ची क्लार्क, जेरी चेंबर्स आणि डॅरल इमहॉफ. होय, हर्शीचा तोच इमहॉफ. चालू वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू असा देऊन टाकण्याची एनबीएतली ही पहिलीच वेळ.

आजोबा सांगतात की त्या दिवशी त्यांच्या गल्लीत लोक पायऱ्यांवर येऊन बसले, जसं कुणी गेल्यावर बसतात. त्यांच्या वडिलांनी रेडिओ बंद केला आणि पुढचं अख्खं वर्ष बास्केटबॉलसाठी लावला नाही. लोक दोन बाजूंनी चिडले होते. एक बाजू म्हणे मालकांनी सोन्यासारखा माणूस तीन चिल्लर नाण्यांत दिला. दुसरी म्हणे विल्टच पळाला, सातव्या सामन्याची लाज वाटली म्हणून. माझं मत विचाराल तर, दोन्ही अर्धवट. कॉस्लॉफना तो ठेवता आला नसता, फुकट गेला असता, म्हणून मिळेल ते घेतलं. हिशेब म्हणून ते समजू शकतं. पण तो जायला निघाला होता तो का, याचा हिशेब कुठल्याच वर्तमानपत्राने तेव्हा नीट मांडला नाही. शब्दाची गोष्ट विल्टने जाहीरपणे सांगितली ती नंतर.

क्लार्क बरा खेळला, संघ एक वर्ष टिकला आणि मग घसरणीला लागला. १९७२-७३मध्ये फिलाडेल्फिया ९ सामने जिंकलं आणि ७३ हरलं. ८२ सामन्यांच्या हंगामात इतकी वाईट कामगिरी एनबीएत कुणीच केलेली नाही. अडुसष्ट-तेरापासून नऊ-त्र्याहत्तरपर्यंत यायला सहा वर्षं लागली. इथले जुने लोक हे दोन आकडे एकापाठोपाठ एक असे म्हणून दाखवतात, आपण पाढे म्हणतो तसे.

लेकर्सकडे त्याचं सुरुवातीला जमलं नाही. १९६९च्या अंतिम फेरीचा सातवा सामना, लॉस एंजेलिसमध्ये. विजयासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. सामना संपायला पाचेक मिनिटं असताना विल्टचा गुडघा दुखावला, तो बाहेर आला, पुन्हा आत जायला मागत होता आणि कोच व्हॅन ब्रेडा कोल्फने त्याला पाठवलंच नाही. दोन गुणांनी हरले. बॉस्टनचा बिल रसेल, जो याच्याकडे थँक्सगिव्हिंगला जेवायला यायचा, त्याने नंतर जाहीरपणे म्हटलं की विल्टने मैदान सोडायला नको होतं. दोघं पुढे वीसेक वर्षं बोलले नाहीत. मग १९७१-७२ आलं. सलग ३३ सामने जिंकायचा विक्रम, ६९ विजय आणि अजिंक्यपद. कोच होते बिल शर्मन, १९६७ला वॉरियर्सकडून याच्याविरुद्ध उभे असलेले. हात दुखावलेला असताना त्याने शेवटच्या सामन्यात २४ गुण आणि २९ रिबाउंड घेतले. पस्तिशीत. माझं वय तेव्हाच्या विल्टएवढंच आहे आणि मला जिने चढताना धाप लागते, असो.

१९७३ साली थांबला तेव्हा १,०४५ सामने, ३१,४१९ गुण, २३,९२४ रिबाउंड. आणि इतक्या सामन्यांत एकदाही पाच फाऊलच्या पुढे जाऊन बाहेर पडला नाही. नंतर तो व्हॉलीबॉल खेळला, श्वार्झनेगरबरोबर सिनेमात आला, एका पुस्तकात बायकांची संख्या लिहून बसला आणि त्यावरून जन्मभर थट्टा ओढवून घेतली. लॉस एंजेलिसच्या टेकडीवर मोठं घर बांधलं, त्याचं नाव सप्तर्षींवरून ठेवलं, उर्सा मेजर. लग्न केलं नाही.

फिलाडेल्फियाने त्याची १३ नंबरची जर्सी सन्मानाने छताला लावली ती १९९१ साली, ट्रेडनंतर तेवीस वर्षांनी. आजोबा त्या रात्री गेले होते. वडील नव्हते तोपर्यंत. कॅन्ससनेही १९९८च्या जानेवारीत त्याला बोलावलं. तिकडे तो जवळजवळ चाळीस वर्षं फारसा फिरकला नव्हता, १९५७च्या हरण्याबद्दल गाव आपल्याला दोष देतं असं त्याला वाटायचं. तो विद्यार्थिदशेतलं जुनं जाकीट घालून मैदानात आला आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. लोक टाळ्या थांबवेनात, त्याला बोलता येईना. पुढच्या वर्षी, १२ ऑक्टोबर १९९९ला, हृदय बंद पडून तो लॉस एंजेलिसच्या घरी गेला. त्रेसष्ट वर्षांचा होता. निरोपाच्या सभेला रसेल आला होता. त्या दोघांचं त्याआधी काही वर्षं पुन्हा जुळलं होतं.

मी ती पहिली कंपनी सोडली. दुसरीकडे रुजू होण्याआधी ग्रीन कार्डचं एक वाक्य ऑफर लेटरमध्ये घालून मागितलं. तीन आठवडे ईमेल फिरत होते, शेवटी वाक्य आलं. ते पत्र छापून मी अजून कपाटात ठेवलंय, मुलाच्या जन्मदाखल्याशेजारी. डॅलसच्या मित्राचा मुलगा अजूनही ७७चीच जर्सी घालतो, फक्त रंग बदललाय. पुढच्या मे महिन्यात आई-बाबा पुन्हा येतायत आणि बाबांना परत चॉकलेटच्या गाडीत बसायचंय. आजोबांनाही बरोबर यायला सांगितलंय. ते म्हणाले, आधी एरिना, मग चॉकलेट.